दारातलं मांजर आणि घरातली मांजरं

पहिलं मांजर घरात घेताना फारसा विचार करावा लागत नाही. घरातल्यांची समजूत काढावी लागते, एक वाटी आणि मातीचं घमेलं लागतं, आणि आठवड्याभरात घरातली सगळ्यांत मऊ जागा त्याच्या मालकीची होते. दुसऱ्याच्या वेळी 'पहिल्याला सोबत होईल' हे कारण तयार असतं. अवघड जातं ते तिसरं. तोवर घर त्या दोघांचं झालेलं असतं, आणि तिसऱ्याला आत घेणं म्हणजे त्यांच्या घरात त्यांना न विचारता कुणाला तरी आणून बसवणं असतं.

प्रसंग ओळखीचा आहे. बारामतीत एमआयडीसीकडच्या एखाद्या इमारतीतला छोटा फ्लॅट. पावसाळ्याचे दिवस, आणि खाली पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटखालून एक पिल्लू रात्रभर ओरडतंय. किंवा इंदापूर तालुक्यातली, चारी बाजूंनी ऊस असलेली वस्ती. कुणीतरी पोत्यात घालून आणून सोडलेली भाटी कडब्याच्या गंजीआड बसली आहे, पोट खपाटीला गेलेलं. घरात आधीच दोन मांजरं आहेत, आणि ती दोघं खिडकीतून बाहेर टक लावून बघतायत, शेपट्या फुगवून. फोटो काढून स्टेटसला टाकला की दहा मिनिटांत दोन प्रकारची उत्तरं येतात. 'जीव आहे, घे की आत.' आणि 'आहेत ती काय कमी आहेत?' पहिलं उत्तर देणारा मायाळू ठरतो, दुसरं देणारा व्यवहारी. दोघांचं एक मात्र सारखं असतं: आपल्या उत्तराची किंमत दोघांनाही भरायची नसते.

ही किंमत नेमकी कोण भरतं, हे इथे तपासून बघायचं आहे. तिसरं मांजर घ्यावं का, हा प्रश्न आपण मनाच्या मोठेपणाचा समजतो. तो बराचसा हिशेबाचा आहे. आणि हिशेब केला म्हणून दया आटते असं मानायचं कारण नाही.

शिबीने मांडी स्वतःची कापली

शरण आलेल्या जीवाचं काय करायचं, याबद्दल आपल्याकडची सगळ्यांत ठाऊक असलेली गोष्ट शिबी राजाची. ससाण्याला घाबरून कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसतं. मागून ससाणा येतो आणि म्हणतो, हे माझं अन्न आहे. याला वाचवलंस तर मी उपाशी मरेन. राजा त्याला हाकलून देत नाही. तराजू मागवतो, एका पारड्यात कबुतर ठेवतो आणि दुसऱ्यात आपल्या अंगाचं मांस कापून टाकू लागतो. कबुतर जडच होत जातं, आणि शेवटी राजा स्वतः पारड्यात जाऊन बसतो.

ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते. पण त्यात दोन बारकावे आहेत, जे आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतात. एक, दयेला किंमत असते हे शिबी मान्य करतो. ससाण्याची भूक खोटी आहे, असं तो म्हणत नाही. दोन, ती किंमत तो स्वतःच्या अंगातून देतो. आता कल्पना करा की राजाच्या महालात आधीपासून दोन कबुतरं पाळलेली आहेत, आणि तिसऱ्याला वाचवण्यासाठी राजा त्या दोघांचं मांस कापून पारड्यात टाकतोय. ही गोष्ट कुणी कीर्तनात सांगितली नसती.

युधिष्ठिराचंही तसंच. स्वर्गाच्या दारात त्याला सांगितलं जातं की सोबत आलेलं कुत्रं सोड आणि आत ये. तो नकार देतो. पणाला लागलेला असतो तो त्याचा स्वतःचा स्वर्ग.

घरात आधीच मांजरं असताना दारातलं मांजर आत घेणाऱ्याची परिस्थिती या दोघांपेक्षा वेगळी असते. त्याच्या हातात तराजू तर असतो, पण कापलं जाणारं मांस बऱ्याचदा दुसऱ्याचं असतं.

किंमत भरणारे

मांजराच्या बाजूने बघू. माणसाला घर भिंतींनी कळतं, मांजराला वासाने. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल आणि अंग घासतं तेव्हा ते 'हे माझ्या ओळखीचं' अशी खूण करत असतं. अशा घरात अचानक तिसरा वास येतो, तेव्हा नकाशाच पुसला जातो. मग फिस्कारणं, गुरकावणं, कपाटावरून खाली न उतरणं, गादीवर किंवा भिंतीवर लघवीचे फवारे सुरू होतात. काही मांजरांना ताणामुळे मूत्राशयाचा त्रास होतो. काही खाणं सोडतात, आणि सलग काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून प्रकरण जिवावर बेतू शकतं. आपण 'रुसलंय' म्हणून हसतो तेव्हा ते खरोखर आजारी पडलेलं असू शकतं.

त्याहून मोठी किंमत रोगाची. पॅनल्युकोपेनिया हा विषाणू लस न झालेल्या पिल्लांना काही दिवसांत मारतो, आणि तो घरातल्या फरशीवर, कापडावर वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. बुटांच्या तळव्यातून आणि कपड्यांवरूनही तो आत येतो. फेलाइन ल्युकेमिया लाळेतून पसरतो, म्हणजे एका वाटीतून खाल्लं, एकमेकांना चाटलं तरी पुरतं. हे सगळं बाहेरच्या प्रत्येक मांजराला असतं असं नाही. पण डोळ्यांना धडधाकट दिसणाऱ्या पिल्लात काय दडलंय, हे बघून कळत नाही.

घरातली माणसंही किंमत भरतात, आणि ती सगळी सारखी भरत नाहीत. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांत हा भाग कुणी उघडपणे बोलत नाही. पिल्लू उचलून आणतो तो कॉलेजला जाणारा मुलगा. घमेल्यातली माती बदलते ती आई. फरशीवरची उलटी पुसते ती आई किंवा वहिनी. रात्री तीनला दोन मांजरांचं भांडण सोडवायला आजी उठते, कारण तिची झोप सावध. मुलगा रविवारी फोटो टाकतो आणि त्याला शंभर लाइक मिळतात. माया त्याची खरीच असते, ती खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण त्याच्या नावावर जमा झालेलं पुण्य दुसऱ्याच्या कंबरेतून वसूल झालेलं असतं. शिबीच्या गोष्टीची कसोटी इथेही लावता येते: मांडी कुणाची?

सुख विरुद्ध जीव

यावर एक जोरदार आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. घरातल्या मांजरांचं काय जातं? थोडी जागा, थोडं लाड, थोडी शांतता. बाहेरच्याचा जीव जातो. या दोन गोष्टी एका तराजूत कशा टाकायच्या?

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1972 साली एका निबंधात हाच मुद्दा माणसांबद्दल मांडला होता. निमित्त होतं पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांचं. सिंगर यांचा दाखला साधा आहे: उथळ तळ्यात एक मूल बुडताना दिसलं, तर कपडे भिजतील म्हणून आपण काठावर उभे राहू का? तेवढ्याच मोलाचं काही गमवावं न लागता मोठं अनिष्ट टाळता येत असेल, तर ते टाळणं हे आपलं कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. पुढे 1975 मध्ये याच सिंगर यांनी 'अ‍ॅनिमल लिबरेशन' लिहून दुःखाच्या हिशेबात प्राण्यांनाही आणलं.

हा युक्तिवाद मला पटतो. म्हणूनच 'आमच्या मनीला आवडणार नाही' हे एकटं कारण पुरेसं आहे असं मला वाटत नाही. मनीचं न आवडणं हे भिजलेले कपडे आहेत. चार आठवडे फिस्कारून शेवटी एकाच पलंगाच्या दोन टोकांना झोपणारी मांजरं पुष्कळ घरांत असतात. तेवढ्या गैरसोयीसाठी पार्किंगमधलं पिल्लू मरू देणं समर्थनीय नाही.

पण सिंगर यांच्या वाक्यातली अट विसरून चालणार नाही: 'तेवढ्याच मोलाचं काही'. बाहेरचं पिल्लू थेट आत आणून घरातल्यांच्या वाटीला तोंड लावू दिलं, तर पारड्यात सुखासमोर जीव राहत नाही, जीवासमोर जीव येतो. आणि हे बदलणं आपल्या हातात असतं. नव्या मांजराला वेगळ्या खोलीत, किमान बाथरूममध्ये, दोन आठवडे ठेवायचं. डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची, जंताचं औषध द्यायचं, लस द्यायची; घरातल्यांची लस राहिली असेल तर आधी ती. नव्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं जुन्यांच्या जागेजवळ ठेवायचं आणि जुन्यांचं नव्याच्या खोलीत. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्यायचं, म्हणजे तो परका वास आणि खाणं यांची सांगड बसते. मग फट, मग अर्धं दार. याला कधी दहा दिवस लागतात, कधी तीन महिने.

या सगळ्याकडे आपण 'टिप्स' म्हणून बघतो, यूट्यूबवर शोधतो आणि कंटाळलो की सोडून देतो. माझ्या मते नैतिक प्रश्नाचं निम्मं उत्तर या कंटाळवाण्या कामातच आहे. बंद खोलीतले ते चौदा दिवस जीवासमोर आलेल्या जीवाला पुन्हा गैरसोयीच्या पातळीवर आणतात. आणि त्या दिवसांत किंमत कोण भरतं? ज्याने आणलं तो. दोन वेळा हात धुऊन, कपडे बदलून, दोन ठिकाणी माती बदलून. मांडी पुन्हा ज्याची त्याची होते.

दार कुणी लावलं

घरातल्या मांजरांचा दावा आधी का मोजायचा, याला आणखी एक कारण आहे. ती आधी आली, एवढंच ते कारण नाही. रांगेत आधी उभं राहण्याला नैतिक वजन फार कमी असतं.

वस्तीवरच्या मोकळ्या मांजराला नवा बोका सहन झाला नाही, तर ते उठून शेजारच्या गोठ्यात जातं. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. बाल्कनीला जाळी आपण लावली, मुख्य दार आपण बंद ठेवतो. ते सुरक्षित राहावं म्हणूनच हे केलं, पण त्याचा अर्थ असाही आहे की न आवडलेल्या परिस्थितीतून निघून जायचा त्याचा मार्ग आपण काढून घेतला. इस्लामी परंपरेतल्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये एका बाईची गोष्ट येते. तिने मांजर कोंडून ठेवलं, त्याला स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन त्याचं ते शोधूही दिलं नाही, म्हणून तिला नरक मिळाला. दोष दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे लागतो. कोंडलं नसतं तर मांजराने आपलं पोट भरलं असतं; कोंडलं, तर पोट भरायची जबाबदारी कोंडणाऱ्यावर आली.

जो दार लावतो, त्याच्यावर आतल्याचं ऋण चढतं. दारातल्या मांजराचा दावा गरजेचा असतो, आतल्यांचा दावा या ऋणाचा असतो. दोन्ही खरे आहेत आणि एकाने दुसरा खोडला जात नाही. म्हणून आतल्यांचं ऋण फेडता येईल एवढी तयारी असेल, तरच तिसऱ्यासाठी दार उघडावं. नाहीतर आपण तिघांचेही देणेकरी होऊन बसतो.

उसातली पिल्लं

इथवर आपण धरून चाललो की दारातलं मांजर बेवारस आहे. ते तसं असतंच असं नाही.

ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. कधी घरगुती मांजराची, कधी रानमांजराची, कधी वाघाटीची. वाघाटी ही जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांपैकी एक, वजन दीड किलोच्या आसपास, अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके. वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिचं पिल्लू घरी नेणं हा गंभीर गुन्हा. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नरच्या ऊसपट्ट्यात, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काम करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था आणि वनखातं अशा वेळी काय करतं ते शिकण्यासारखं आहे. बिबट्याची किंवा वाघाटीची पिल्लं सापडली की ती तपासून, संध्याकाळी, जिथे सापडली तिथेच खोक्यात परत ठेवली जातात. कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू मानगुटीला धरून घेऊन जाते.

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं आहे, ही आपली घाई असते. घरगुती मांजराचंही हेच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतातच. पिल्लं एकटी सापडतात ती पुष्कळदा दोन घरांच्या मधल्या वेळेत. आई एकाला ठेवून दुसऱ्याला आणायला गेलेली असते. तेवढ्यात आपण 'वाचवतो'. आई परत येते, तर जागा रिकामी. पिल्लू उबदार असेल, पोट भरलेलं असेल, शांत असेल, तर लांबून काही तास थांबून बघणं हीच मदत. गारठलेलं, सुकलेलं, अखंड ओरडणारं असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या मांजराबाबतही तोच प्रश्न. त्याचं घर पलीकडच्या गल्लीत असू शकतं. गळ्यात सैल कागदी पट्टी बांधून त्यावर 'हे मांजर तुमचं आहे का?' आणि फोन नंबर लिहिला, की दोन-तीन दिवसांत बरेचदा उत्तर मिळतं. दान घेणाऱ्याला गरज आहे का, हे न बघता केलेलं दान आपल्यालाच सुखावतं.

ओसरीवरचं मांजर

'आत घे' आणि 'हाकल' यांच्यामध्ये एक जागा आहे. आपल्या आजी-आजोबांना ती माहीत होती, फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आपण ती विसरलो. मांजर मुळात त्या जागेतूनच आलं. माणसाने धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. त्याला कुणी पकडून आणलं नाही. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं. जगातलं प्रत्येक पाळीव मांजर हे अशा कुठल्यातरी खळ्याच्या कडेला आलेल्या भटक्या मांजराचं वंशज आहे.

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या घरांत मांजर असंच असायचं. ते कुणाच्या नावावर नसायचं. धान्याच्या कणगीपाशी त्याचं काम, ओसरीवर त्याची झोप, भाकरीचा कुस्करा आणि ताकाचा घोट हा त्याचा पगार. शिंकं तुटलं तर त्याची चंगळ, नाही तुटलं तर उंदीर आहेतच. त्याला मारणं मात्र पाप: मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत अजून कानावर येते. मालकी नाही, पण मुभा आहे आणि अभयही आहे, असं ते नातं.

या मधल्या जागेला आज पुन्हा अर्थ द्यावा लागेल, आणि तो सोपा नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांच्या संदर्भात म्हटलं की ज्यांना त्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी त्यांना दत्तक घ्यावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या या सक्तीला स्थगिती दिली. प्रश्न कुत्र्यांचा होता, पण तिढा आपलाच आहे: खायला घातलं की ते आपलं होतं का?

पूर्ण आपलं होत नाही, पण पूर्वीसारखं परकंही राहत नाही. रोज वाटी ठेवली तर ते मांजर तिथे टिकतं, तिथे वितं. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, साधारण नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीनदा विऊ शकते. एका वेळी चारेक पिल्लं. त्यातली बरीच गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा आजाराने जातात. नसबंदी न करता नुसती वाटी ठेवणारा माणूस नकळत हे चक्र पोसत असतो. शिवाय बारामती-इंदापूरच्या माळांवर चंडोल, तित्तर यांसारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात. वस्तीवर वाढलेल्या मांजरांची किंमत तेही भरतात, आणि त्यांना तर कुणी मोजतच नाही.

म्हणून ओसरीवरच्या मांजराचं कर्तव्य माझ्या मते असं आहे: वाटी ठेवायची तर नसबंदी आणि रेबीजची लस आपली. तालुक्याच्या ठिकाणी मांजरावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मिळवणं पुण्याइतकं सोपं नसतं. गाई-म्हशींच्या रांगेत पिशवीतलं मांजर घेऊन बसलं की लोक हसतात. तरीही हे करण्यासारखं आहे. एक भाटी घरात घेतली तर एक जीव सावरतो. बाहेरच्या एका भाटीची नसबंदी केली, तर पार्किंगमध्ये रात्रभर ओरडणारी कितीतरी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. या कामाचा गोंडस फोटो काढता येत नाही, म्हणून ते मागे पडतं.

आकडा कुठे थांबतो

तिसरं घेतलं. आता चौथं आलं. तिसऱ्याला हो म्हणायची जी कारणं होती, ती सगळी चौथ्यालाही लागू पडतात. प्रत्येक वेळी 'एकच तर' वाढतं. 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात हडपसरच्या एका सोसायटीत, साडेतीन बीएचके फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याची बातमी आली. शेजाऱ्यांनी वास आणि आवाजाच्या तक्रारी केल्या आणि महापालिकेने ती हलवण्याची नोटीस दिली. त्या घरात काय घडलं याचा निवाडा मी करत नाही. पण तीनशे हा आकडा कुणी एका दिवसात ठरवून गाठत नाही. असा आकडा 'एक आणखी' करतच वाढतो, आणि कुठल्याही एका पायरीवर उभं राहून 'हेच चुकलं' असं बोट ठेवता येत नाही.

थांबायची रेघ बाहेरच्या गरजेत सापडत नाही, कारण बाहेरची गरज संपत नाही. इथे बारामतीच्याच एका माणसाची आठवण येते. मोरोपंतांनी (1729–1794) कऱ्हेकाठच्या या गावी 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराची हाक. आपल्या नावातल्या मोरावर श्लेष करून त्यांनी देवाला घातलेली ती आर्त साद आहे. दाराबाहेरच्याने दारातून आत बघत लिहिलेलं काव्य, असं त्याच्याकडे बघता येईल. पण ती हाक ज्याला मारली आहे त्याच्या घरात जागा संपत नाही. दक्षिणेतल्या वैष्णवांनी भक्तीचे दोन प्रकार मानले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला उचलते. त्या दुसऱ्या प्रकाराला मार्जारन्याय म्हणतात, आणि त्यात मांजरीच्या जागी देव आहे. रस्त्यावरचं पिल्लू उचलताना आपण क्षणभर त्या जागेवर जातो, आणि ती जागा गोड लागते. पण आपल्याला खोल्या दोन आहेत, पगार एक आहे आणि रजा मोजक्या आहेत.

मग रेघ आपल्या घरातच शोधावी लागते. दोनच का, तीन का नाही, याला काटेकोर उत्तर नाही. तरी मोजायला काही गोष्टी आहेत. नव्याला वेगळं ठेवायला बंद होणारी खोली आहे का? असलेल्या सगळ्यांना एकाच महिन्यात डॉक्टरकडे न्यावं लागलं तर पैसे आहेत का? प्रत्येकाला एक आणि वर एक जास्त, एवढी मातीची घमेली ठेवायला जागा आहे का? आणि माती बदलणाऱ्या माणसाला आपण विचारलं आहे का? त्याने नाइलाजाने मान डोलावली असेल, तर ते विचारणं धरू नये.

या प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, आणि दारातल्या मांजराला खरोखर दुसरं कुणी नसेल, तर मी म्हणेन की त्याला आत घ्यायला हवं. मग मनीचं रुसणं हे निमित्त होतं. आणि एखादं उत्तर 'नाही' असेल, तर घेऊ नये, भले बघणारे निर्दय म्हणोत.

मात्र 'नाही' म्हटल्यावर हिशेब मिटत नाही. दोन खऱ्या दाव्यांपैकी एक पाळला, तरी दुसरा खोटा ठरत नाही, तो उरतोच. त्या उरलेल्याचं काहीतरी करावं लागतं. जिन्याखाली खोकं आणि जुनं पोतं ठेवणं, डॉक्टरकडे नेऊन आणणं, घर शोधून देणं, आणि मिळालेल्या घरी महिन्याने फोन करून विचारणं. उचलून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडणं मात्र यात बसत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो हिशेब दुसऱ्याच्या दारात ढकलणंच ठरला असता.

हे सगळं मध्यरात्री, पावसात, कानावर ती हाक पडत असताना ठरवता येत नाही. तेव्हा एक तर आपण विरघळतो किंवा कानावर उशी घेतो. म्हणून घरातल्यांनी एकदा दुपारी, चहाच्या वेळी बसून बोलून घ्यावं: आपल्याकडे किती मावतात, कोण काय करणार, कुठल्या डॉक्टरचा नंबर फोनमध्ये आहे. जिन्यावर अजून कुणी आलेलं नाही, तोवरच.